आजोबांची शाळा शोधायची तर

'मी न्यू इंग्लिश स्कूलचा', एवढंच आजोबा सांगायचे. त्यांची नोंद काढायला निघाले तेव्हा कळलं, पुण्यात हा पत्ताच होत नाही. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी ही शाळा जानेवारी १८८० मध्ये बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात सुरू केली. पुढे नानावाडा, रमणबाग, टिळक रोड, नाव सगळीकडे तेच. म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, शाळेच्या आसपास काय होतं? आत्या म्हणाली (आजोबांना ती दादा म्हणते), "दादा दप्तर ओंकारेश्वराच्या घाटावर ठेवून पोहायचे." म्हणजे रमणबाग. (आत्या स्वतः त्याच संस्थेच्या मुलींच्या शाळेत, अहिल्यादेवीत.)

मग साल. 'इंग्रजी तिसरीत होतो' याचा अर्थ आजची तिसरी नव्हे. चार मराठी इयत्ता झाल्या की इंग्रजी पहिली, म्हणजे इंग्रजी तिसरी ही आजची सातवी. मॅट्रिक इंग्रजी सातवीनंतर, आणि ती परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. त्यावरून प्रवेशाचं साल काढा आणि दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून अर्जात लिहा.

अर्जात 'जनरल रजिस्टरचा उतारा', म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली नक्कल, असे शब्द हवेत. नुसता 'दाखला' म्हटलं की क्लार्क रजिस्टर नंबर विचारतात, आणि तोच तर आपल्याला हवा असतो. नात्याचा पुरावा जोडा. जूनमध्ये प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका.

मी एक चूक केली, ती तुम्ही टाळा. सगळे अर्ज आजच्या आडनावाने केले. आजोबांची नोंद 'कुलकर्णी' अशी होती, गावावरून पडलेलं आडनाव नंतरचं. घरात जुना सातबारा किंवा लग्नपत्रिका असेल तर आधी ती काढा.

वेळ उरला तर नानावाडा बघून या. नाना फडणविसांनी १७८० च्या सुमारास बांधलेला हा वाडा शनिवारवाड्याजवळच आहे. आता तो महापालिकेकडे आहे, रजिस्टर तिथे मिळणार नाही. पण सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघितले की, मुलं इथे इंग्रजी घोकायची हे डोळ्यांपुढे येतं.

उतारा हातात पडला की जन्मतारखेवर थांबू नका, 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकानाही वाचा. आमच्यात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'. घाटावरचं पोहणं शाळा सुटल्यावरचं नव्हतं तर.