डोळे चांगले, तरी बाळ बघत नाही: घरच्या घरी हळुवार हालचालींनी मदत कशी करावी

पंखा सुरू झाला की बाळ त्याच्याकडे टक लावून बघतं. आई समोर येऊन हसली, तर नजर भलतीकडेच. डोळ्यांचे डॉक्टर तपासून सांगतात, "डोळे व्यवस्थित आहेत." मग घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, त्याला सगळं दिसतं, लक्ष देत नाही एवढंच. दुसऱ्याचं म्हणणं, काहीच दिसत नाही, आपण मनाची समजूत घालतोय. बहुतेकदा दोन्ही बाजू चुकलेल्या असतात.

डोळा फक्त चित्र पाठवतो, ते उलगडायचं काम मेंदूचं. जन्मताना प्राणवायू कमी पडला, पहिल्या काही दिवसांत रक्तातली साखर फार उतरली, बाळ फार अपुऱ्या दिवसांचं जन्मलं, मेंदूज्वर झाला, तर पाहण्याचा मेंदूतला भाग किंवा तिथवर जाणारे तंतू दुखावू शकतात. डॉक्टर याला 'सीव्हीआय' म्हणतात, आपण मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणू.

पंख्याचं कोडंही यातच सुटतं. जॉर्ज रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१७ साली, पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागाला जखम झालेल्या सैनिकांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्यातल्या काहींना स्थिर वस्तू दिसत नसे, पण तीच हलली की जाणवत असे. मेंदूत हालचाल टिपणारा भाग वेगळा असतो आणि बाकीचा दुखावला तरी तो काही प्रमाणात काम करत राहू शकतो. पंखा मोठा, हलता, रोज त्याच जागी, आणि मागे कोरं पांढरं छत. आईचा चेहरा मात्र भलताच गुंतागुंतीचा: डोळे, टिकली, केसांच्या बटा, बोलणारे ओठ, आणि मागे कपाट न् कॅलेंडर.

आता शरीराचं काय? ज्या बाळाला मान धरायलाही कष्ट पडतात, त्याचा मेंदू तोल सावरण्यात गुंतून जातो, बघायला उरत नाही. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं: आधी शरीर निवांत, मग नजर. याने दृष्टिदोष 'बरा' होतो असं कुणी सांगत असेल तर त्या माणसापासून जरा लांबच राहा. पण लहान वयात मेंदू शिकत असतो, आणि योग्य सवयींनी नजरेचा वापर वाढू शकतो, हेही तितकंच खरं.

सुरू करण्याआधी

फिजिओथेरपिस्टला चार गोष्टी विचारा: खुब्याचे सांधे जागेवर आहेत का, फिट येतात का, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी बाहेर वळवणारी नळी) आहे का, हाडं नाजूक आहेत का. यातलं काही असेल, तर कोणती हालचाल चालेल आणि कोणती नाही, ते त्यांच्याकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या. मेंदूजन्य दोषाबरोबर चष्म्याचा नंबर किंवा तिरळेपणा असणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा "डोळे चांगले आहेत" यावर न थांबता नंबर तपासून घ्या. चष्मा दिला असेल तर तो लावूनच खेळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे या तपासण्या आणि थेरपी मोफत मिळते. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

जागा आणि वेळ

घरातला एक कोपरा ठरवा आणि रोज तोच ठेवा. खाली फुलाफुलांची गोधडी नको, एकरंगी चादर अंथरा. टीव्ही बंद. खिडकी बाळाच्या पाठीशी यावी, कारण प्रकाशाकडे बघत बसायची या मुलांना ओढ असते आणि मग दुसरं काही त्यांच्या नजरेत शिरत नाही. पंखाही शक्यतो डोक्यावर नको, टेबलफॅन पायाशी ठेवा.

झोप झालेली असावी आणि दूध-जेवण होऊन अर्धा-पाऊण तास उलटलेला असावा. सुरुवातीला पाच मिनिटं पुरतात. कुकरच्या शिट्ट्या आणि पाहुण्यांची वर्दळ असलेली वेळ टाळा.

पहिली पायरी: सांगून हात लावा

दिसत नसलेल्या बाळाला अचानक उचललं की ते दचकतं, आणि दचकलेलं शरीर ताठ होतं. आधी नाव घ्या, मग खांद्यावर पूर्ण तळवा ठेवा, बोटांनी टोचू नका. दोन-तीन श्वास तसंच थांबा. रोज तेच शब्द, त्याच जागी हात. चार-आठ दिवसांत बाळाला पुढे काय होणार ते कळू लागतं आणि अंग आपोआप सैल पडतं.

दुसरी पायरी: कमरेतून डोलवा

बाळ पाठीवर. गुडघे दुमडून त्यांच्याखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा छोटा लोड ठेवा. ताठर मुलांना दुमडलेल्या पायांनी बराच आराम पडतो. आता कमरेच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवून किंचित एकीकडे कलवा, थांबा, मध्ये आणा, थांबा, मग दुसरीकडे. किंचित म्हणजे बघणाऱ्याला दिसेल न दिसेल इतकंच. मालिश करणाऱ्या बाईंच्या हाताचा जोर इथे अजिबात नको. अंग अडलं की तिथून मागे या, ढकलू नका. हात धरून ओढून बसवणं, हवेत उडवणं, गरागरा फिरवणं हे तर कधीच नाही.

हे करताना तुम्ही गाणं म्हटलंत तर चालेल. पण पुढच्या पायरीला आवाज बंद, त्याचं कारण तिथेच सांगते.

तिसरी पायरी: कुशीवर, आणि मग नजर

डोलवता डोलवता बाळाला कुशीवर आणा. पाठीला उशी, मानेखाली दुमडलेलं दुपटं, डोकं सरळ रेषेत. कुशीवर दोन्ही हात आपोआप समोर येतात आणि मान धरण्याचं ओझं उरत नाही. कोणती कूस? ज्या बाजूची गोष्ट बाळाला लवकर दिसते, ती बाजू मोकळी राहील अशी. हे निरीक्षणानेच कळतं.

आता एकच वस्तू घ्या. लाल किंवा पिवळी, एकरंगी, शक्यतो थोडी चमकणारी. चकचकीत लाल गिफ्टपेपर गुंडाळलेला चमचा महागड्या खेळण्यापेक्षा बरा. हातभर अंतरावर धरून हलकेच दोनदा हलवा आणि मग थांबा. बोलू नका, गाऊ नका, बाळाला डोलवू नका. ऐकणं, स्पर्श आणि बघणं या मुलांना एकदम झेपत नाही. आवाज सुरू राहिला तर ते ऐकतं आणि बघायचं सोडतं.

मनात तीस आकडे मोजा. सगळ्या पायऱ्यांत हीच अवघड जाते, कारण दहाव्या आकड्यालाच आपला हात वळवळतो, "बघ ना रे सोन्या" म्हणावंसं वाटतं. या मुलांची नजर उशिरा पोहोचते. ती वाटेत असतानाच आपण वस्तू हलवली, की बाळाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बाळ बघेल, मग मान वळवेल आणि न बघताच हात पुढे करेल. आजी म्हणेल, "याला नकोय ते." हवंय! बघणं आणि हात नेणं एका वेळी जमत नाही म्हणून ते आळीपाळीने करतंय. हात पोहोचत नसेल तर त्याचं मनगट धरून ओढू नका. तुमचा हात त्याच्या हाताखाली सरकवा आणि दोघं मिळून वस्तूपर्यंत जा. हात मागे घ्यायची मोकळीक त्याला राहते.

काही मुलं स्वतः हलत असताना जास्त बघतात, गाडीत किंवा कडेवर चालताना. तुमचं तसं असेल तर क्रम बदला: मांडीवर हळू झुलवत असतानाच वस्तू दाखवा.

वेगळा वेळ काढणं जमत नसेल तर अंघोळ आणि कपडे बदलणं पुरे. रोज तोच लाल टमरेल, आधी दाखवायचा, थांबायचं, मग पाणी.

चालणाऱ्या मुलांसाठी

फार अपुऱ्या दिवसांच्या मुलांत खालच्या बाजूचं न दिसणं बरंच आढळतं. खालच्या दृश्याचे तंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या अगदी कडेने जातात आणि तीच जागा आधी दुखावते. असं मूल उंबरठ्याला अडखळतं, पायरीशी थबकतं, तुमचा ओढणीचा पदर घट्ट खाली धरून चालतं. ते धरणं सोडवू नका, त्यातून त्याला जमिनीचा चढ-उतार कळतो. उंबरठ्यावर आणि पायऱ्यांच्या कडांवर पिवळी पट्टी चिकटवा. घरात प्लास्टिकचं स्टूल ढकलत चालू द्या, स्टूल जिथे अडलं तिथे काहीतरी आहे हे हातांना आधीच समजतं.

कधी थांबावं

जांभया, उचक्या, तोंड फिरवणं, पाठ कमानीसारखी ताणणं, म्हणजे आज पुरे झालं. याला हट्टीपणा समजू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी. बाळ एकामागून एक झटके दिल्यासारखं मान खाली टाकत असेल, दोन्ही हात एकदम उडवत असेल, विशेषतः झोपेतून उठल्यावर, तर ते दचकणं किंवा पोटदुखी समजून घरी थांबू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालमेंदूतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हा फिटचा प्रकार असू शकतो आणि उपचाराला उशीर झाला तर नजरेसकट सगळीच प्रगती मागे पडते.

बाकी रोजच्यासाठी शंभर पानी वही पुरते. तारीख, कोणती कूस, कोणती वस्तू, किती आकड्यांनी बघितलं, एवढं एका ओळीत लिहा. थेरपिस्टकडे जाताना ती वही बरोबर न्या. "आता बरं बघतं" यापेक्षा "आधी पंचविसाला बघायचा, आता बाराला बघतो" हे त्यांच्या जास्त कामाचं असतं.