अल्फा रोमिओ १०५ मालिका: सस्पेन्शनची उंची कशी मोजावी, कशी बसवावी

१९६२ ची जूलिया सेडान, १९६३ ची जूलिया स्प्रिंट जीटी, १९६६ ची ड्युएटो, त्यानंतरच्या १७५० आणि २००० जीटीव्ही, आणि १९९० च्या दशकापर्यंत बनत राहिलेली स्पायडर. अल्फा रोमिओच्या या सगळ्या गाड्यांखाली सस्पेन्शनची मूळ रचना एकच आहे. पुढे खालचा विशबोन (इंग्रजी व्ही आकाराचा आर्म), त्यावर कॉइल स्प्रिंग, आणि वर एक आडवा आर्म व एक तिरका कास्टर आर्म. मागे अखंड अ‍ॅक्सल, दोन बाजूंना लांब आर्म, आणि डिफरन्शिअलच्या वर टी आकाराचा आर्म, जो अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. रचना उत्तम आहे, पण उंचीच्या बाबतीत हळवी. मडगार्ड आणि टायरमधली फट डोळ्यांना खटकते म्हणून गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली, तर ती दिसायला झकास होते आणि वळणावर आधीपेक्षा वाईट चालते.

कारण पुढच्या विशबोनच्या कोनात आहे. विशबोनचा आतला पिव्होट बाहेरच्या बॉल जॉइंटपेक्षा थोडा वर किंवा त्याच्या पातळीत असेल, तोवर पुढचे रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, जागेवर राहते. गाडी खाली आणली की आतला पिव्होट बॉल जॉइंटच्या खाली जातो आणि रोल सेंटर बॉडीपेक्षा कितीतरी जास्त खाली घसरते. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यातले अंतर वाढते, म्हणून खाली आणलेली गाडी उलट जास्त कलते. त्यात बंप स्टॉपपर्यंतची (सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतची) हालचाल कमी झालेली असते. पुढचा विशबोन वळणात स्टॉपला टेकला, की त्या चाकावरची कडकपणाची पातळी एकदम चढते आणि गाडी नाक बाहेर ढकलते. मागचा अ‍ॅक्सल टेकला तर शेपूट अचानक सुटते, आणि हे जास्त धोक्याचे.

म्हणून उंची मडगार्डच्या कडेवरून ठरवू नका. पन्नास-साठ वर्षे जुन्या बॉडीवर पत्र्याचे काम झालेले असते आणि दोन बाजूंच्या कडा सारख्या असतीलच असे नाही. मोजायचा तो विशबोन.

मोजण्याआधी

आधी बुश आणि बॉल जॉइंट तपासा. वरच्या बॉल जॉइंटला किंवा कास्टर आर्मच्या बुशला प्ले (ढिलेपणा) असेल तर ब्रेक मारताना गाडी भरकटते, आणि लोक त्याचा दोष उंचीला देतात. झिजलेले रबर तसेच ठेवून नव्या स्प्रिंग टाकणे म्हणजे पैसे वाया.

मग जमीन. पारदर्शक लेव्हल पाइपमध्ये पाणी भरून चारही चाकांच्या जागा एका पातळीत आहेत का ते पाहा. फरक असेल तर पत्र्याचे तुकडे घालून भरून काढा. टायरची हवा थंड असताना मॅन्युअलप्रमाणे भरा. टाकी अर्धी ठेवा. ड्रायव्हरच्या सीटवर एकूण ७५ किलो वाळूच्या गोण्या ठेवा, कारण रिकाम्या गाडीची उंची आणि चालवतानाची उंची वेगळी असते.

गाडी जॅकवरून खाली उतरवल्यावर लगेच मोजले तर आकडा खोटा येतो. चाके बाहेर पसरायला हवी असतात, पण टायर जमिनीला धरून ठेवतो आणि गाडी उंच राहते. दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, पुढून आणि मागून बॉडी दाबून सोडा, आणि मगच टेप हातात घ्या.

काय मोजायचे

प्रत्येक बाजूला खालच्या विशबोनच्या आतल्या पिव्होटच्या मध्याची आणि खालच्या बॉल जॉइंटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची लिहा. दोन्हींतला फरक हा खरा आकडा. फॅक्टरी मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलसाठी ठरलेल्या भारासह मोजायची पद्धत आणि मापे आहेत. जीटीव्ही, स्पायडर आणि बर्लिना (सेडान) यांच्या स्प्रिंग एक नाहीत, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीला लावू नका. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी खालची मर्यादा साधी आहे: विशबोन जमिनीला समांतर. त्याखाली जायचे तर भूमितीही बदलावी लागते, नुसती स्प्रिंग नाही.

मागे चाकाच्या मध्यापासून बॉडीवरच्या एका पक्क्या बिंदूपर्यंत मोजा. डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. जास्त असेल तर बहुधा एक स्प्रिंग थकून दबलेली आहे. ती काढून जोडीदाराशेजारी उभी करून लांबी ताडून पाहा. बदलायची तर जोडीनेच.

पुढच्या-मागच्या उंचीचा परिणाम कास्टरवरही, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष मागे किती कलला आहे त्या कोनावरही होतो. कूपेचा व्हीलबेस २३५० मिलिमीटर आहे; मागची बाजू सुमारे ४१ मिलिमीटर वर गेली की पूर्ण गाडी एक अंश पुढे झुकते आणि कास्टर तितकाच कमी होतो. स्टिअरिंग हलके आणि चंचल झाले, तर आधी मागची उंची पाहा. सिलचे (दाराखालच्या पट्टीचे) मागचे टोक पुढच्यापेक्षा ५ ते १० मिलिमीटर वर, हे आम्हाला रस्त्यासाठी योग्य वाटते.

पॅकिंगचा हिशेब

पुढची स्प्रिंग विशबोनवर मधोमध कुठेतरी बसते, म्हणून स्प्रिंगवर घातलेली चकती चाकापाशी जास्त उंची देते. किती जास्त, ते मोजून काढा. आतल्या पिव्होटपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचे अंतर भागिले पिव्होटपासून बॉल जॉइंटपर्यंतचे अंतर. समजा उत्तर ०.५ आले, तर १० मिलिमीटर जाडीची चकती गाडी सुमारे २० मिलिमीटर उचलते. म्हणजे ५ मिलिमीटरची चकतीही लहान गोष्ट नाही. फक्त एकाच कोपऱ्यात चकती घालून गाडी सरळ करायचा मोह टाळा. त्याने तिरक्या रेषेतल्या समोरासमोरच्या चाकावरचा भारही बदलतो, आणि ब्रेकमध्ये गाडी एका बाजूला ओढू लागते.

वेटोळे कापणे हा दुसरा मोह. गॅसने कापले तर तापलेल्या जागी पोलादाचा ताण जातो आणि स्प्रिंग तिथूनच बसते किंवा तुटते. कटरने कापले तरी स्प्रिंग कडक होते, आणि तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही.

पुढची स्प्रिंग काढणे

हे काम घाईचे नाही. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतकी ताकद असते.

१. गाडी बॉडीखाली दोन घोड्यांवर (जॅक स्टँडवर) पक्की उभी करा, मागच्या चाकांना अटकाव लावा. चाक, शॉकअप आणि अँटी-रोल बारची (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याची) लिंक काढा.

२. स्प्रिंगखालचा पॅन विशबोनला चार बोल्टने धरलेला असतो. पॅनखाली जॅक टेकवा आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून बॉडीला बांधा.

३. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून तिथे त्याच व्यासाचे उच्च ताकदीचे लांब आटेदार रॉड घाला आणि नट घट्ट करा. दुकानातला मऊ लोखंडी रॉड इथे चालत नाही, त्याचे आटे सुटतात.

४. उरलेले दोन बोल्ट काढा. मग दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे सैल करत पॅन खाली आणा, स्प्रिंग पूर्ण मोकळी होईपर्यंत. या वेळी चेहरा आणि हात पॅनच्या सरळ रेषेत ठेवू नका.

स्प्रिंग बाहेर असताना एक तपासणी जरूर करा, कारण ती पुन्हा इतकी सोपी होत नाही. हबखाली जॅक लावून चाक उंचीच्या पूर्ण पल्ल्यात वर-खाली करा आणि टो, म्हणजे वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेला कोन, किती बदलतो ते पाहा. नेहमीच्या उंचीच्या आसपास चाक आत-बाहेर वळत असेल, तर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप फिरेल. टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) आणि विशबोन यांचे कोन जुळत नाहीत हे त्याचे कारण.

मागे काम सोपे आहे. अ‍ॅक्सलला जास्त खाली लोंबू न देणारे पट्टे असतात. अ‍ॅक्सल जॅकवर धरून पट्टे, शॉकअप आणि असल्यास अँटी-रोल बार सोडवा, आणि स्प्रिंग सुटेपर्यंत अ‍ॅक्सल खाली आणा. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, यावर नजर ठेवा. पट्टे चिरलेले असतील तर आत्ताच बदला.

आवळणे

सर्वांत जास्त चूक इथेच होते. रबर बुशचे बोल्ट चाके लोंबत असताना पूर्ण आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर पिळलेले राहते. ते स्प्रिंगसारखे वागते, गाडी उंच ठेवते आणि काही महिन्यांत फाटते. त्या काळात गाडी हळूहळू खाली येत जाते आणि नव्या स्प्रिंगला विनाकारण नावे ठेवली जातात. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, भार ठेवा, आणि मग टॉर्क रेंचने आवळा.

अलाइनमेंट

मूळ गाडीत कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा उभा कल) जुळवता येत नाही. टो टाय रॉडने आणि कास्टर तिरक्या आर्मने जुळवतात. दोन्ही बाजूंचा कास्टर अर्ध्या अंशाच्या आत सारखा करा. टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) रस्त्यासाठी १ ते ३ मिलिमीटर. कॅम्बर हवा असेल तर जुळवता येणारा वरचा आर्म बसवावा लागतो. शून्यापासून उणे एक अंशापर्यंत पुरे. त्यापुढे गाडी टायरची आतली कड खाते.

गाडी समांतर विशबोनपेक्षाही खाली हवी असेल, तर वरच्या बॉल जॉइंटची जागा उंच करणारे तुकडे मिळतात. ते वरच्या आर्मचा कोन बदलून रोल सेंटर पुन्हा वर आणतात. मागचे रोल सेंटर टी आर्ममुळे मुळातच उंच असते. म्हणूनच १९६५ च्या जीटीएवर (जीटीची हलकी रेसिंग आवृत्ती) काम करताना ऑटोडेल्टाने, म्हणजे अल्फाच्या रेसिंग विभागाने, ते खाली आणण्यासाठी मागे सरकता ब्लॉक वापरला. रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही.

पहिल्या ३०० किलोमीटरनंतर नव्या स्प्रिंग थोड्या बसतात. तेव्हा सगळी मापे पुन्हा घ्या, पॅनचे बोल्ट तपासा, टो जुळवा, आणि शेवटी हेडलाइटचा झोत.