मूळ कॉन्फिग फाइलला हात न लावता सेटिंग कशी बदलावी

सॉफ्टवेअरसोबत येणारी डिफॉल्ट कॉन्फिग फाइल, म्हणजे त्याची सेटिंग लिहिलेली फाइल, ही ते बनवणाऱ्यांची. पुढच्या अपडेटमध्ये ती बहुधा नव्याने लिहिली जाते आणि तिच्यात केलेले आपले बदल वाहून जातात. म्हणून ती फक्त वाचायची, लिहायचं ते आपल्या वेगळ्या फाइलमध्ये. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर डिफॉल्ट सेटिंग दाखवतो, पण त्यात काही टाइप करू देत नाही. ही शिस्त सगळ्यांनीच पाळली असती तर या लेखाची गरज पडली नसती.

आधी आपल्या फाइलची जागा शोधा. लिनक्सवर ती बहुधा होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात असते, विंडोजवर ‘ॲपडेटा’मध्ये, मॅकवर लायब्ररीतल्या ‘ॲप्लिकेशन सपोर्ट’मध्ये. नक्की नाव कळत नसेल तर डिफॉल्ट फाइलच्या सुरुवातीच्या टिपा वाचा. सर्व्हरवर चुकीचे लॉगिन करत राहणाऱ्यांना काही काळ बंदी घालणाऱ्या फेलटूबॅनच्या ‘जेल.कॉन्फ’मध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं: इथे काही बदलू नका, ‘जेल.लोकल’ बनवा.

आता ती बनवा, पण मूळ फाइल जशीच्या तशी कॉपी करून नव्हे. हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि तो वाईट आहे. कॉपी केली की त्या दिवसाच्या शेकडो किमती (सेटिंगच्या व्हॅल्यू) तुमच्या नावावर गोठतात. पुढच्या आवृत्तीत एखादं डिफॉल्ट सुधारलं, तरी तुमची जुनी ओळ त्याच्यावर बसते आणि सुधारणा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. फेलटूबॅनचा बंदीचा काळ १० मिनिटांवरून एक तास करायचा असेल, तर ‘जेल.लोकल’मध्ये दोनच ओळी हव्यात: चौकटी कंसात ‘डिफॉल्ट’ हे विभागाचं नाव आणि खाली ‘बॅनटाइम’ची नवी किंमत. बस्स.

मग दोन्हीकडे एकच सेटिंग असेल तर कोणाचं चालतं ते पाहा. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये मुख्य तीन थर आहेत: पूर्ण संगणकाचा, वापरकर्त्याचा आणि त्या रिपॉझिटरीचा (त्या प्रकल्पाच्या फोल्डरचा). सगळ्यात जवळचा, म्हणजे रिपॉझिटरीचा, जिंकतो. कोणती किंमत कोणत्या फाइलमधून आली हे ‘गिट कॉन्फिग --लिस्ट --शो-ओरिजिन’ सांगतं. दूरच्या संगणकावर लॉगिन करून देणाऱ्या एसएसएच क्लायंटचं मात्र उलटं: तिथे आधी सापडलेली किंमत पक्की होते, नंतरची दुर्लक्षिली जाते. त्यामुळे सर्व होस्टसाठीचा (लॉगिन करायच्या संगणकांसाठीचा) ताऱ्याचा, म्हणजे ‘होस्ट *’, विभाग फाइलच्या वरती ठेवलात आणि त्यात यूजरचं नाव दिलंत, तर खाली एखाद्या होस्टसाठी वेगळं दिलेलं यूजरनेम कधीच लागू होणार नाही. तो विभाग तळाशी न्या.

याद्या हा आणखी एक सापळा. आपली यादी मूळ यादीत मिसळेल की तिची जागा घेईल, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. लिनक्सवर सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्राम) सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने सर्व्हिसचा ‘एक्झेकस्टार्ट’, म्हणजे सुरू करायच्या कमांडची यादी, बदलताना आधी तीच ओळ किंमत न देता रिकामी लिहावी लागते, मग खाली नवी कमांड. रिकामी ओळ विसरलात तर साध्या सर्व्हिसला दोन कमांड मिळतात आणि ती सुरूच होत नाही.

बदल लागू करण्याआधी तपासणी करा. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि एसएसएच सर्व्हर, दोघांनाही ‘-टी’ पर्याय आहे, तो फक्त फाइल वाचून चुका सांगतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचची सेटिंग बदलताना चालू असलेलं सेशन बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन जमलं की मगच पहिलं सोडा.

शेवटी अपडेटचा दिवस. मूळ फाइल आधीच कोणीतरी बदललेली असेल, तर डेबियन हा लिनक्सचा प्रकार अपडेट मध्येच थांबवून विचारतो: तुमची ठेवू की नवी टाकू? घाईत एंटर दाबलं की जुनी राहते. त्याआधी ‘डी’ दाबून फरक बघा. जुनी ठेवली तर नवी शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने पडून राहते, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या घराण्यात ‘.आरपीएमन्यू’ नावाने. दोन्ही शेजारी उघडून आपले खरे बदल वेगळ्या फाइलमध्ये हलवा आणि मूळच्या जागी नवी बसवा.