कॉलेजात वायफाय आलं तरी सर-मॅडम वापरत नाहीत? या चुका टाळा

"सीनियर प्राध्यापकांना टेक्नॉलॉजी नकोच असते" हे ऐकून ऐकून वैताग आलाय. नको नसते हो, भर वर्गात एकदा फजिती झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रिकाम्या वर्गात नेट चेक करणं. एका कॉलेजात नॅकची (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) टीम येणार म्हणून घाईघाईत कॉरिडॉरमध्ये राउटर लावले, रिकाम्या वर्गात स्पीड मस्त आला आणि लगेच सर्क्युलर, सोमवारपासून क्विझ मोबाइलवरच. फिजिक्सच्या एका सीनियर मॅडमनी रात्री जागून क्विझ बनवली, वर्गात साठ-सत्तर पोरांनी एकदम कनेक्ट केलं आणि निम्म्यांचं पानच उघडेना, अख्खा तास "मॅडम, लोड होत नाहीये" यातच गेला. मॅडमनी परत खडू उचलला आणि स्टाफरूममध्ये शिक्का त्यांच्यावरच बसला, यांना जमत नाही म्हणून. हे मला अजिबात पटत नाही. घरगुती राउटर एवढा लोड घेतच नाही, त्यात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या बँडवर एकमेकांना न अडवणारे चॅनल, म्हणजे सिग्नलच्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, म्हणजे शेजारच्या वर्गांचे राउटर एकाच चॅनलवर असले की सगळ्यांचंच नेट रडतं. ५ गिगाहर्ट्झवर चॅनल भरपूर, पण जाड भिंतीतून सिग्नल धड येत नाही, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारा डबा, वर्गाच्या आतच हवा. मी तर भरलेल्या वर्गात सगळ्या पोरांना एकदम लॉगिन करायला लावल्याशिवाय ओके म्हणतच नाही, प्राचार्यांनी कितीही घाई केली तरी.

लॅपटॉपला वायरलेस प्रोजेक्टर दिसत नाही? बऱ्याचदा क्लायंट आयसोलेशन चालू असतं, म्हणजे एकाच वायफायवरची डिव्हाइस एकमेकांना दिसत नाहीत. सेफ्टीसाठी ते हवंच, सरसकट बंद करू नका, प्रोजेक्टरसाठी वेगळं नेटवर्क करून घ्या. आणि लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआय केबल टेबलावरच राहू द्या, ती काढून टाकायची हौस कशाला?

स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवर वर्ग चालवू नका, बहुतेक फोन दहाएक डिव्हाइसच्या पुढे जात नाहीत.

व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवा.

एका दिवसाचं वर्कशॉप घेऊन सर्टिफिकेट वाटलं म्हणजे ट्रेनिंग झालं, हा शॉर्टकट तर बंदच करा. सरांच्या पहिल्या दोन-तीन लेक्चरला टेक्निशियनने मागच्या बाकावर बसायचं, अडलं की उठून जायचं, एवढं केलं तरी पुष्कळ जण टिकतात. आणि नव्याने जॉइन झालेल्या उत्साही मंडळींनो, पहिल्याच आठवड्यात हजेरी, नोट्स, टेस्ट सगळं अ‍ॅपवर नेऊ नका, आधी नुसती हजेरी महिनाभर नीट चालू द्या, मग टेस्टचं बघा.