फाशांच्या शर्यतीतून संभाव्यता कशी शिकवावी

अनुकूल निष्पत्तींच्या (म्हणजे हव्या त्या परिणामांच्या) संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागावे, हे संभाव्यतेचे सूत्र दहावीच्या विद्यार्थ्यांचे लवकर पाठ होते. मात्र दोन फाशांच्या बेरजेचा प्रश्न आला की तेच विद्यार्थी अडखळतात, कारण नेमके काय मोजायचे हे त्यांना उमगलेले नसते. म्हणून सूत्र सांगण्यापूर्वी पुढील खेळ घ्यावा. त्यासाठी प्रत्येक जोडीला एक लाल व एक पांढरा असे दोन फासे, चौकटींचा कागद आणि काही बटणे पुरतात. गुण मोजण्यासाठी पैसे कधीही वापरू नयेत.

कागदावर 1 ते 12 क्रमांकांच्या बारा उभ्या पट्ट्या आखून प्रत्येकीत दहा घरे करावीत. दोन्ही फासे एकत्र टाकून जी बेरीज येईल त्या पट्टीतील बटण एक घर पुढे सरकवायचे, आणि जे प्रथम दहाव्या घरात पोहोचेल ते जिंकले. पहिली फेक होण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहावा. ही पायरी गाळू नये. लिहून ठेवलेला अंदाज चुकला, तरच तो का चुकला हे शोधण्याची ओढ मुलांना लागते. 1 क्रमांक मुद्दाम ठेवलेला आहे. तो निवडणाऱ्याचे बटण जागचे हलत नाही, आणि अशक्य घटना म्हणजे काय हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

यानंतर प्रत्येक जोडीने 36 फेकींची नोंद करावी. एखाद्या जोडीत 7 ऐवजी 5 किंवा 9 पुढे गेलेले दिसेल. ते दुरुस्त करू नये. वीस जोड्यांच्या नोंदी फळ्यावर एकत्र केल्या की 720 फेकी होतात. त्यांत 7 ही बेरीज 120 वेळांच्या आसपास आणि 12 ही बेरीज 20 वेळांच्या आसपास येणे अपेक्षित असते. थोड्या फेकींत दिसणारा चढउतार मोठ्या संख्येत तुलनेने कसा कमी होतो, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून दिसले पाहिजे.

आता खऱ्या अडचणीकडे वळावे. 7 ही बेरीज 1 व 6, 2 व 5, 3 व 4 अशा तीन प्रकारे येते आणि 6 ही बेरीजही 1 व 5, 2 व 4, 3 व 3 अशा तीनच प्रकारे, मग दोन्हींची संभाव्यता समान का नाही, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच. उत्तर सांगण्याची घाई करू नये. लाल फाशावर 3 व पांढऱ्यावर 4, आणि लाल फाशावर 4 व पांढऱ्यावर 3, या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत. 3 व 3 मात्र एकाच प्रकारे पडते. सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता मुलांकडून भरून घेतला की 36 निष्पत्तींपैकी 7 साठी 6 आणि 6 साठी 5 आहेत, हे त्यांनाच सापडते. तक्त्यातील या सर्व 36 निष्पत्तींचा संच म्हणजेच नमुना अवकाश. गॅलिलिओने तीन फाशांबाबत नेमकी हीच उकल केली होती: 9 आणि 10 या दोन्ही बेरजांसाठी अंकांचे सहा-सहा गट असले, तरी 216 निष्पत्तींपैकी 9 साठी 25 आणि 10 साठी 27 निष्पत्ती येतात. वेळ असल्यास हा प्रश्न घरी सोडवायला द्यावा.

दुसऱ्या तासाला बेरजेऐवजी वजाबाकी घ्यावी. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून 0, 1 किंवा 2 आल्यास पहिल्याला आणि 3, 4 किंवा 5 आल्यास दुसऱ्याला एक गुण द्यावा. दोघांकडे तीन-तीन उत्तरे असल्याने खेळ वरवर न्याय्य वाटतो, पण तक्त्यात 24 निष्पत्ती पहिल्याच्या आणि 12 दुसऱ्याच्या निघतात. नियम बदलून खेळ न्याय्य करण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोपवावे. कोणी दुसऱ्याला दोन गुण देईल, तर कोणी पहिल्याला फक्त 1 व 2 देऊन 18-18 अशी वाटणी करेल. माझ्या मते आकलन तपासण्यास लेखी चाचणीपेक्षा हे काम अधिक उपयोगी आहे.

शेवटी फोडलेले चिंचोके टाकायला द्यावेत. त्यांच्या दोन बाजू सारख्या नसल्याने निष्पत्ती समसंभाव्य आहेत असे आधीच धरता येत नाही. पांढरी बाजू किती वेळा वर येते हे पुष्कळदा टाकूनच ठरवावे लागते, आणि त्या नोंदीवरून पुढच्या शंभर फेकींचा अंदाज प्रत्येकाने आधी वहीत लिहावा.