व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करताना

प्रत्यक्ष पालथं करायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी अर्धा तास तयारी असते आणि नंतर सोळा तास डोळ्यांत तेल घालून पहारा असतो. गडबड बहुतेक वेळा त्या तीन-चार मिनिटांत दिसते, पण तिचं मूळ अर्ध्या तासात राहून गेलेल्या कशात तरी सापडतं.

एआरडीएसमध्ये, म्हणजे फुफ्फुसांना सूज येऊन अचानक ऑक्सिजन घटण्याच्या गंभीर आजारात, फुफ्फुसं पाण्याने जड झालेली असतात. उताण्या रुग्णाचं हृदय आणि पोटाचा दाब त्यांच्या पाठीकडच्या भागावर येतो, तो भाग मिटतो, पण रक्त मात्र तिकडेच जास्त वाहत राहतं. म्हणजे रक्त आहे तिथे हवा नाही. पालथं केल्यावर हृदय छातीच्या हाडावर टेकतं आणि पाठीकडचा भाग उघडतो. रक्ताचा ओघ फारसा बदलत नाही, त्यामुळे हवा आणि रक्त यांची गाठ पडते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोसेव्हा या मुख्यतः फ्रान्समधल्या अभ्यासात 466 रुग्ण होते. 28 दिवसांतला मृत्यूदर उताण्या गटात 32.8 टक्के होता, पालथ्या गटात 16 टक्के.

त्या अभ्यासाचा निकष लक्षात ठेवायला सोपा आहे: पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुफ्फुसात राखतो तो दाब) किमान 5 आणि ऑक्सिजन 60 टक्के किंवा जास्त असूनही पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 150 च्या खाली. एबीजीमध्ये (धमनीतल्या रक्ताची तपासणी) पीएओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजनचा दाब, 80 आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन 70 टक्के असेल, तर 80 भागिले 0.7 म्हणजे साधारण 114. असा रुग्ण पालथा करायचा. ‘बाकी सगळं हरलं की बघू’ म्हणून दोन-चार दिवस घालवले, तर फायद्याची वेळच निघून जाते.

मणक्याचं अस्थिर फ्रॅक्चर, मेंदूतला वाढलेला दाब, उघडी छाती किंवा पोट, नुकतीच छातीचं हाड कापून झालेली शस्त्रक्रिया, खोकल्यातून मोठा रक्तस्राव, चेहऱ्याचे ताजे फ्रॅक्चर आणि औषधं वाढवूनही न सावरणारं बीपी असेल तर थांबा. नुसतं नॉरअॅड (बीपी वाढवणारं औषध) चालू आहे किंवा रुग्ण जाड आहे, ही कारणं पुरेशी नाहीत.

तयारीत फीड (नळीतून दिलं जाणारं अन्न) तासभर आधी बंद करा आणि राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेली नळी) पोट रिकामं करा. डोळ्यांत मलम घालून पापण्या पूर्ण मिटवून चिकटपट्टी लावा. अर्धवट उघडा डोळा चादरीला घासला की बुबुळावर जखम ठरलेली. जीभ दातांच्या आत घ्या. सक्शन करा, म्हणजे कफ ओढून काढा. श्वासाची ट्यूब ओठापाशी किती सेंटिमीटरवर आहे ते लिहून ठेवा. ट्यूबचा कडक प्लास्टिकचा होल्डर असेल तर तो काढून फीत बांधा, नाहीतर त्याचा ठसा गालात रुतेल. कपाळ, गाल, हनुवटी, छाती, कमरेची हाडं आणि गुडघे यांवर फोमचं ड्रेसिंग लावा. कमरेच्या वरच्या लाइन्स (सलाइन-औषधांच्या नळ्या) डोक्याकडे आणि खालच्या पायांकडे वळवा. गुंगी खोल हवी, गरजेप्रमाणे स्नायू शिथिल करणारं औषध द्या. ऑक्सिजन 100 टक्के करा. इंट्युबेशनची (श्वासाची ट्यूब पुन्हा घालायच्या सामानाची) ट्रॉली उशाशी आणून ठेवा.

माणसं किमान पाच लागतात. डोक्याशी उभा असलेला ट्यूब धरतो आणि हुकूम तोच देतो. सिस्टर, मामा (वॉर्डबॉय), कन्सल्टंट, सगळ्यांनी त्याचंच ऐकायचं. दोन्ही बाजूंना दोन-दोन जण उभे राहतात. छातीवरचे इलेक्ट्रोड काढा, पण सॅच्युरेशन आणि आर्टेरियल लाइन (धमनीतली बीपी दाखवणारी नळी) चालू ठेवा. छातीवर आणि कमरेवर उशा ठेवा, पोटावर नको. वरून दुसरी चादर घाला आणि खालच्या व वरच्या चादरीच्या कडा एकत्र घट्ट गुंडाळा. आता रुग्णाला व्हेंटिलेटरपासून लांबच्या कडेला सरकवा. व्हेंटिलेटरच्या बाजूचा हात कमरेखाली सरळ दाबून ठेवा. रुग्णाला व्हेंटिलेटरकडे तोंड करून कुशीवर घ्या आणि इथे थांबा. ट्यूब, लाइन्स बघा, पकड बदला, मग पालथं करा.

टेकल्याबरोबर सॅच्युरेशनकडे नाही, ईटीसीओटूच्या (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) आलेखाकडे बघा. आलेख गेला तर ट्यूब निसटली, दुमडली किंवा भरली आहे. दोन्ही बाजूंची हवा ऐका, सेंटिमीटर पुन्हा मोजा, इलेक्ट्रोड पाठीवर लावा, आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा भाग) हृदयाच्या पातळीला आणून झिरो करा.

पोट मोकळं लटकलं पाहिजे. नडग्यांखाली उशी द्या. पलंग मध्ये न वाकवता सगळाच तिरपा करून डोक्याची बाजू 20-30 अंश उंच करा, चेहऱ्याची सूज कमी राहते. चेहरा ज्या बाजूला, त्या बाजूचा हात वर, खांदा साधारण 80 अंशांत आणि कोपर 90 अंशांत. खांदा जास्त ताणला की हाताच्या नसा दुखावतात आणि रुग्ण घरी जातो तो लुळा हात घेऊन. दर दोन ते चार तासांनी डोकं आणि हात बदला. प्रत्येक वेळी दुमडलेला कान, दबलेला डोळा, स्तन, पुरुषांचं लिंग आणि अंगाखाली अडकलेला कॅथेटर बघा. पालथेपणी कफ जास्त सुटतो, त्यामुळे सक्शन वरचेवर लागतं. फीड हळू वेगाने पुन्हा चालू करा, सोळा तास उपास घडवू नका. आणि नातेवाइकांना चेहरा सुजणार हे आधीच सांगा. नंतर सांगितलं तर ते पटत नाही.

तासाभराने एबीजी करा. ऑक्सिजन फारसा वाढला नाही म्हणून घाईने उताणं करू नका, कारण व्हेंटिलेटरचा ताण सगळ्या फुफ्फुसावर सारखा वाटला जातो हाही फायदाच आहे. ट्यूब निसटली, भरून बंद झाली किंवा 100 टक्के ऑक्सिजनवरही सॅच्युरेशन पाच मिनिटांहून जास्त 85 च्या खाली राहिलं, तर मात्र लगेच उलटवा. हृदय थांबलं आणि माणसं जमायची असतील, तर तोवर पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्ये दाब द्यायला सुरुवात करा.

उताणं करून चार तासांनी पीएफ रेशो 150 किंवा जास्त, पीप 10 किंवा कमी आणि ऑक्सिजन 60 टक्के किंवा कमी असेल, तर पुढची फेरी लागत नाही. वेळ ठरवताना ड्यूटीचा विचार करा. दुपारी चारला पालथं केलं की सोळा तास सकाळी आठला भरतात, आणि दोन्ही वेळी वॉर्डात पाच माणसं मिळतात.