अमेरिकेच्या जुन्या जनगणनेत घरातली माणसं शोधायचीयत? आधी एवढं करून ठेवा

लगेच सर्चमध्ये आडनाव टाकू नका. आधी एका कागदावर त्या घरातल्या सगळ्यांची नावं, अंदाजे जन्मसाल, जन्माचं राज्य, पत्ता माहीत असेल तर पत्ता, सगळं उतरवून घ्या, कारण नुसत्या पणजोबांच्या नावावर गेलात तर त्याच नावाचे ढीगभर लोक निघतात आणि मग बायको-पोरांच्या नावांवरूनच खरा कोण ते कळतं.

मग वर्षं ठरवा. 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहायचे, बाकीचे नुसते आकडे, तिथे पोरांची नावं शोधत बसू नका. प्रमुखाशी नातं काय ते 1880 पासून मिळतं. 1890 ची जवळपास सगळीच गेली, 1921 ची आग निमित्त झाली. आणि नोंदी 72 वर्षांनी खुल्या होत असल्याने सध्या 1950 च्या पुढचं काही मिळणार नाही.

आडनावाची जमतील तेवढी स्पेलिंगं काढा, गणना करणारा ऐकू येईल तसं लिहायचा आणि इंडेक्स (सर्चसाठीची नावांची यादी) करणाऱ्याने (आता तर कधीकधी मशीनने) ते दिसेल तसं वाचलंय. जुन्या अक्षरात दोन एस लागोपाठ आले की पहिला लांबट, अगदी एफसारखा, म्हणून जेसीचा जेफसी झालेला असतो! तरीही नाव नाहीच लागलं तर पत्त्यावरून एन्युमरेशन डिस्ट्रिक्ट (एका गणना करणाऱ्याला नेमून दिलेला भाग) काढायचा आणि पानं एकेक करून बघायची, कंटाळवाणं आहे पण माणूस सापडतो.

त्या वर्षाचा कोरा फॉर्म जवळ ठेवाच, स्कॅनमध्ये रकान्यांची शीर्षकं वाचता येत नाहीत. 1900 आणि 1910 मध्ये आईला मुलं किती झाली आणि हयात किती हे विचारलंय, सात आणि चार दिसलं की गेलेल्या तिघांच्या मृत्यूनोंदी शोधायला घ्या. नागरिकत्वाच्या रकान्यात एनए म्हणजे नागरिक झालेला, पीए म्हणजे अर्ज केलेला, एएल म्हणजे परकाच. 1940 मध्ये नावाशी गोलात एक्स असेल तर माहिती त्या माणसाने दिलीय, आता सासूचं वय जावयाने सांगितलं असेल तर कितपत धरायचं ते तुम्हीच ठरवा.

सापडलं की पूर्ण पानाची इमेज सेव्ह करा, मागचं-पुढचं पानसुद्धा, कुटुंब पुढच्या पानावर गेलेलं असतं किंवा दोन घरं सोडून भाऊ राहत असतो. फाइलच्या नावात वर्ष, राज्य, काउंटी, डिस्ट्रिक्ट आणि शीट नंबर टाका.